दुसऱ्या हाकेला

"उकर्ड्याऽऽ! ए उकर्डाऽऽ!"

पहिली पाळी सुटली होती. तोंडं कोळशानं काळी, हातात रिकामे डबे, असे आम्ही वीस-पंचवीस जण खाणीच्या फाटकाकडे चाललो होतो. फाटकापलीकडे कडुनिंबाखाली माझी माय उभी होती. काखेत गाठोडं धरून येणाऱ्या प्रत्येक काळ्या तोंडाकडे बघत ती हाका मारत होती. सगळी तोंडं सारखीच. तिला मी सापडत नव्हतो.

"कोणाले बलावून रायली बे ही बुढी?" मागून कोणीतरी हसलं. "उकर्डा म्हणे! असं नाव असते काय माणसाचं?"

मी मान खाली घातली आणि चालत राहिलो.

फाटकावरच्या चौकीदारानं तिला हटकलं. "काय पाहिजे, बाई?"

"माहा पोरगा हाये इथं. उकर्डा. उकर्डा नत्थू आसुटकर."

"इथं असा कोणी नाही."

"हाये ना, बाप्पा. सहा वर्सं झाले त्याले इथं लागून."

तेवढ्यात तिनं मला ओळखलं. तोंडावरून नाही, चालण्यावरून असेल. तिचा चेहरा फुलला आणि ती दोन पावलं पुढं आली. चौकीदारानं माझ्याकडं पाहिलं. बरोबरच्या सगळ्यांनी पाहिलं.

"खिरटकर, तुझ्याकडं येऊन रायली ही. ओळखतो काय?"

मी म्हणालो, "आमच्या गावची आहे. डोक्यानं थोडी कमी आहे."

माय होती तिथंच थांबली. तिच्या तोंडावरचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं, ते मी पाहिलं. मग ती चौकीदाराला म्हणाली, "हाव बाप्पा, चुकलीच मी." आणि मोठ्या माणसाला द्यावं तसं गाठोडं दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं.

"तुमच्या गावाहून धाडलं हाये, बाबूजी. पोळ्याचं."

मी गाठोडं घेतलं. ती वळली आणि एस.टी.च्या थांब्याकडं चालू लागली. आमचं गाव तिथून अकरा कोस. एवढी दूर येऊन ती मला 'बाबूजी' म्हणून परत गेली.

गाठोड्यात पुरणपोळ्या होत्या. माझ्याशेजारी तुळशीराम नैताम उभा होता. खाणीचं छत पेलायला लाकडाचे टेकू लावायचं काम त्याच्याकडं. मी त्याच्या हाताखाली. पन्नाशीचा गोंड माणूस, बोलणं मोजकं. त्यानं सगळं पाहिलं होतं, ऐकलं होतं.

"खाऊन घे, बाबू," तो एवढंच म्हणाला. "ताज्या हायेत तवर."

*

खाणीत माझं नाव पुरुषोत्तम बाळकृष्ण खिरटकर असं होतं.

खरा पुरुषोत्तम माझ्याच वर्गातला. वणी-वरोऱ्याच्या पट्ट्यात नवी खाण निघाली तेव्हा त्याच्या बापाची, बाळकृष्णकाकाजींची, सगळी जमीन तिच्यात गेली. ज्याची जमीन गेली त्याच्या घरच्या एकाला कंपनीच्या एखाद्या खाणीत नोकरी, असा नियम होता. काकाजींनी एकुलत्या एका पोराचं नाव लिहून दिलं. अकरा कोसांवरच्या दुसऱ्या एका खाणीतल्या नोकरीचा कागद यायच्या बावीस दिवस आधी पुरुषोत्तम काविळीनं गेला. घरात उरले म्हातारा, म्हातारी आणि कायमची अंथरुणाला खिळलेली एक बहीण. जमीन नाही, पोरगा नाही.

काकाजी आमच्या घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. त्यांचं म्हणणं असं: मी पुरुषोत्तमच्याच वयाचा, त्याच्याच उंचीचा. त्याच्या नावानं मी लागावं, पगार दोन्ही घरांनी वाटून घ्यावा. खाणीतल्या साहेबलोकांपैकी कोणी त्याला पाहिलेलं नव्हतं.

माय चुलीपुढून उठून आली. "त्याचे कपडे देजा, काकाजी, माहा पोरगा घालीन. पण गेलेल्या पोराचं नाव माह्या पोराच्या अंगावर नोका टाकू."

मी मात्र लगेच हो म्हणालो. काकाजींची दया आली म्हणून नाही, आणि घरात खायचे हाल होते म्हणूनही नाही. किंवा नुसतं तेवढ्यासाठी नाही. मला ते नाव हवं होतं.

ज्या घरात मुलं जगत नाहीत त्या घरात आमच्याकडं जन्मलेलं पोर उकिरड्यावर नेऊन ठेवतात. दुसऱ्या कोणीतरी बाईनं ते उचलायचं आणि केर सापडला म्हणून आईच्या ओटीत टाकायचं. मग त्याचं नाव उकर्डा. टाकलेल्या वस्तूकडं मरणाचं लक्ष जात नाही, असा समज. हे मला माहीत होतं. माहीत असून उपयोग काय? शाळेत हजेरी घेताना गुरुजी माझं नाव आलं की नाकाला रुमाल लावायचे, आणि अख्खा वर्ग हसायचा. लग्नाला मुलगी बघायला गेलो, तर पडद्यामागून मुलींचं खिदळणं ऐकू आलं. त्यातून काही पुढं झालं नाही. आणि इथं एकाएकी मी पुरुषोत्तम. पगाराच्या चिठ्ठीवर पुरुषोत्तम, टोपीच्या दिव्याच्या नंबरापुढं पुरुषोत्तम. पहिल्या महिन्यात मी ती चिठ्ठी खिशात घेऊन फिरायचो आणि कोणी नसलं की उघडून नाव वाचायचो.

मायला मी बजावून ठेवलं होतं, वसाहतीकडं फिरकायचं नाही. ती सहा वर्षांत एकदाच आली. तो दिवस मी सांगितला.

*

त्यानंतर एकोणीस दिवसांनी पाणी आलं.

त्या भागात कोळशाची भिंत तीन दिवसांपासून पाझरत होती. तिच्यापलीकडं जुनी, सोडून दिलेली खाण होती. ती पाण्यानं भरलेली आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मध्ये किती कोळसा उरलाय एवढंच नक्की माहीत नव्हतं. तुळशीरामनं लोखंडी सब्बलीनं भिंत वाजवून पाहिली, कान लावला आणि तसाच पाळीच्या साहेबाकडं, ओव्हरमन सातपुतेकडं गेला. मी त्याच्याबरोबर होतो.

"साहेब, भिंत बदबद वाजून रायली. पातळ हाये. माणसं काढा इथून."

सातपुतेनं बॅटरी भिंतीवर फिरवली. त्याला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याच्या कपाळावर घाम होता.

"आजच्या दिवस काढा रे," तो म्हणाला. "वरून रोज फोन येतो कोळशासाठी. उद्या बघतो मी."

"उद्याचा भरवसा नाई, साहेब."

"मग काय, काम बंद करू? लिहून देतो का तू? जा, टेकू लाव."

आम्ही गेलो. सात माणसं होतो. साडेदहाच्या सुमारास तोफ उडावी तसा आवाज झाला. आधी वारा आला, आमचे दिवे विझतील असा, आणि मागोमाग पाणी. पुढचे पाच जण उताराच्या तोंडाशी होते, ते पळाले. मी आणि तुळशीराम सगळ्यात आत. एक भलं मोठं लाकूड पाण्याबरोबर आलं आणि तुळशीरामच्या छातीवर बसलं. मी त्याला काखेत धरून ओढत चढावाच्या एका बोळात शिरलो. बोळ पुढं बंद होता, पण उंच होता. पाणी आमच्या मागं चढत आलं, कमरेपर्यंत आलं आणि तिथं थांबलं. आत हवा कोंडली होती, तिनंच ते अडवलं असणार.

कोळशाच्या एका कपारीवर मी त्याला टेकवून बसवलं आणि स्वतः त्याच्याखाली पाण्यात उभा राहिलो. त्याचा दिवा फुटला होता. माझा दिवा वाचवायला मी तो बंद केला.

तसा अंधार वर कुठं नसतो. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे हात लावून बघावं लागतं.

किती वेळ गेला कळत नव्हतं. तुळशीरामच्या श्वासात खरखर होती. मध्येच तो म्हणाला, "पुरुषोत्तम."

मी भिंतीचा आवाज ऐकत होतो.

"पुरुषोत्तम."

"काय, दादा?"

"पाह्य. पुन्हा दुसऱ्या हाकेले."

"म्हणजे?"

"सहा वर्सं पाहून रायलो मी. पह्यल्या हाकेले तू कधी ओ देत नाईस. पह्यली हाक कोणा दुसऱ्यालेच जाते. दुसरी तुले पोचते." तो खोकला, आणि खोकल्यानं त्याला फार त्रास झाला. मग म्हणाला, "त्या दिवशी फाटकावर बुढीनं हाक देल्ली, तं तुही मान पह्यल्याच हाकेले खाली गेली."

मी त्याला कपारीवर नीट सरकवून बसवलं.

"माय होती ना ते तुही?"

"हो."

"मंग इथं कोण हाये आईकाले? सांग ना नाव."

सहा वर्षांत ते नाव मी तोंडानं उच्चारलं नव्हतं. "उकर्डा," मी म्हणालो. "उकर्डा नत्थू आसुटकर."

मला वाटलं, हा हसेल. त्याही अवस्थेत मला त्याचीच भीती होती.

तुळशीराम हसला नाही. "वाईट काय हाये त्यात?" म्हणाला. "गाव सारं टाकते ते उकिरड्यावर. अन् उन्हायात तेच गाडीत भरून वावरात नेते. त्याच्याबिगर पिकते काय काही?"

त्याच्या बोलण्यानं माझं समाधान झालं नाही. आजही होत नाही. पण एक माणूस मरता मरता माझ्या नावाबद्दल चांगलं बोलायला शब्द शोधत होता, हे मला त्या अंधारात कळत होतं.

त्यानं आधीच्या जन्माची गोष्ट सांगावी तसं थोडं थोडं सांगितलं. गडचिरोलीकडचं त्याचं गाव, मोहाची झाडं, बायको मैना, दोन पोरी. मग बोलणं थांबलं. माझे पाय बधिर झाले होते आणि मला झोप येत होती. गार पाण्यात फार वेळ राहिलं की येते ती झोप. गुडघे वाकले असते तर मी पाण्याखाली गेलो असतो आणि मला कळलंही नसतं.

"उकर्डा."

"ओ."

"झोपू नोको."

"नाही झोपत."

थोडा वेळ जायचा.

"उकर्डा."

"ओ."

कितीदा, ते सांगता येणार नाही. शंभरदा असेल, जास्तही असेल. त्याला आता बाकीचे शब्द जमत नव्हते, तेव्हा तो तेवढंच म्हणायचा, आणि मी ओ दिली की गप्प व्हायचा. शाळेतलं हसणं, गुरुजींचा रुमाल, फाटक, काही त्या हाकेत नव्हतं. ती हाक आली की मी गुडघे सरळ करायचो, बस.

हाकांमधलं अंतर वाढत गेलं. शेवटची हाक नुसता श्वास होता. तरी तिच्यातलं नाव मला कळलं. मी ओ दिली. मग पुढच्या हाकेची वाट पाहत उभा राहिलो. फार वेळ उभा राहिलो. शेवटी मी हात वर करून त्याच्या तोंडाशी नेला.

त्यानंतर मला जागं ठेवायला कोणी नव्हतं. म्हणून मीच मोठ्यानं म्हणत राहिलो, "उकर्डा," आणि मीच ओ देत राहिलो.

*

बावन्न तासांनी पंपांनी पाणी उतरलं आणि बचावाची माणसं पोचली. वर काय चाललं होतं ते मला नंतर त्याच चौकीदाराकडून कळलं. तो दवाखान्यात मला बघायला आला आणि खाटेशी मान खाली घालून बसला.

आत दोघं अडकले अशी यादी फाटकावर लागली होती: तुळशीराम नैताम, पुरुषोत्तम खिरटकर. कंपनीची जीप जाऊन काकाजींना घेऊन आली. ते बाप म्हणून आत मांडवात खुर्चीवर बसले होते, आणि साहेब त्यांना चहा देत होते. माझी माय त्याच संध्याकाळी एस.टी.नं पोचली. तिनं विचारलं, "माहा उकर्डा." यादीत उकर्डा नव्हता. चौकीदारानं तिला ओळखलं. डोक्यानं कमी असलेली बाई. त्यानं तिला दोरीच्या बाहेर बसवलं.

"काकाजी तिच्याकडं आले होते," चौकीदार म्हणाला. "म्हणाले, वहिनी, पुरुषोत्तम म्हणा. आत्या आहे म्हणून सांगतो, आत बसू देतील. ती म्हणे, त्या नावाचा पोरगा गेला हाये. त्या नावानं हाक देल्ली तं जो गेला तोच आईकन. मले माहा पाहिजे."

मग ती हवेच्या विहिरीशी गेली. खाणीत हवा खेळावी म्हणून ते भोक वरून खालपर्यंत खणलेलं असतं. तिथं कठड्याला धरून ती हाका मारत राहिली. दोन दिवस. तिला दोनदा हटवलं. ती दोनदा परत आली.

खाली मला काही ऐकू आलं नव्हतं. आलं होतं, असं सांगायला बरं वाटलं असतं.

चौकीदार गेल्यावर माय खाटेजवळ आली. तिचा आवाज पार बसला होता. ओठांकडं बघून समजून घ्यावं लागत होतं.

"माय," मी म्हणालो, "त्या दिवशी फाटकावर..."

"राहू दे."

"मी तुला वेडी म्हणालो."

"राहू दे म्हणते ना." ती माझ्या पायांना तेल चोळत होती. वर न बघता, त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "तुह्या आधी चार झाले मले. चौघायचे नावं ठेवले होते, चांगले चांगले, देवादिकाचे. एकाही नावानं हाक माराले नाई भेटलं मले. रांगाच्या आधीच गेले चौघंही. हाक माराले भेटलेलं एकच नाव हाये माह्याजवळ." मग म्हणाली, "ते तू घेऊ नोको म्हणाला, तं सहा वर्सं मी ते चुलीपाशी घेत होती."

मला तिचा हात धरायचा होता. मी धरला नाही. लायकी नव्हती माझी.

*

चौकशी पंधराव्या दिवशी ठरली. बाहेरून अधिकारी येणार होते. आदल्या दिवशी खाणीचे कार्मिक अधिकारी वैरागडे साहेब माझ्या खाटेशी येऊन बसले. सोबत टाइप केलेला कागद.

"सातपुतेनं सगळं सांगितलंय," ते म्हणाले. "त्याला पाण्याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. तुळशीराम मनाई असलेल्या भागात आपल्या मर्जीनं शिरला आणि तू त्याला परत आणायला गेलास. बहादुरीचं काम केलंस. इथं सही कर."

"साहेब, असं झालं नाही."

"खिरटकर," ते फार मायेनं म्हणाले, "तुझी म्हातारी दोन दिवस विहिरीपाशी काय नाव घेऊन ओरडत होती, ते आम्ही कोणीच ऐकलं नाही असं समजू. तू पुरुषोत्तम आहेस, तोवर सगळं ठीक आहे. आलं ना लक्षात?"

आलं लक्षात. तुळशीरामचीच चूक ठरली असती तर मैनाबाई दोन पोरी घेऊन महिन्याभरात क्वार्टरबाहेर गेली असती, आणि तिच्या नवऱ्याचं नाव नियम मोडणारा म्हणून कायमचं कागदावर राहिलं असतं.

संध्याकाळी काकाजी आले. उभेच राहिले.

"तू काय करशील ते मला दिसून रायलं," ते म्हणाले. "मी पैशासाठी नाही आलो. खरं सांगतो. दर महिन्याला ती चिठ्ठी यायची. पुरुषोत्तम बाळकृष्ण खिरटकर. म्हातारी वाचून घ्यायची माझ्याकडून. कुठंतरी त्याला कोणी हाक मारते, तो कामावर जाते, असं वाटे रे आम्हाला." मग म्हणाले, "तू उद्या बोललास तर तो आज मेला असं होईल."

एवढं बोलून ते निघून गेले.

*

चौकशी वसाहतीच्या क्लबच्या हॉलमध्ये होती. समोर चौकशी अधिकारी, बाजूला कंपनीचे वकील, सातपुते, वैरागडे. मागच्या बाकावर मैनाबाई. मी तिला तोवर दोन-तीनदाच पाहिलं होतं. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले.

"नाव?" अधिकाऱ्यांनी खाली मान घालूनच विचारलं. लिहिणाऱ्यानं यादीतून पाहून 'पुरु' एवढं लिहायलाही घेतलं होतं.

"उकर्डा नत्थू आसुटकर."

लेखणी थांबली. कोणीतरी हसलं. ते हसू मी बालपणापासून ओळखत होतो.

"काय म्हणालात?"

"उकर्डा. बाप नत्थू. पुरुषोत्तम खिरटकर सहा वर्षांपूर्वी काविळीनं वारले. त्यांच्या नावावर मी काम केलं. हा गुन्हा आहे, मला माहीत आहे. तो मी केला. आता मी काय पाहिलं ते सांगतो, आणि ते माझ्या नावानं लिहा."

मी सगळं सांगितलं. भिंत, सब्बल, सातपुतेच्या कपाळावरचा घाम, 'आजच्या दिवस काढा' हे शब्द. सातपुते माझ्याकडं बघत नव्हता. मग कंपनीचे वकील उठले आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली: जो माणूस सहा वर्षं रोज सकाळी स्वतःचं नाव खोटं सांगत होता, त्याचं आजचं बोलणं खरं कशावरून?

मी म्हणालो, "याआधी खोटं बोलून मला नोकरी होती. आज खरं बोलून नाही."

हे उत्तर चांगलं होतं असं पुष्कळांनी नंतर सांगितलं. त्याचा उपयोग झाला नाही. अपघाताचं कारण निश्चित सांगता येत नाही, असा अहवाल आला. तुळशीरामवरचा मनाई मोडल्याचा ठपका तेवढा त्यात नव्हता. मैनाबाईला खाणीच्या दवाखान्यात झाडलोटीचं काम मिळालं. सातपुतेची बदली झाली. मला त्याच संध्याकाळी काढलं आणि फसवणुकीचा खटला भरला. सात महिने मी तुरुंगात काढले. सुटून आलो तेव्हा माय होती. पण आवाज तिला परत आला नाही. त्यानंतरची चार वर्षं ती मला हाका मारायची त्या मी समोर असलो तरच कळायच्या. काकाजी वारले तोवर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या तेराव्याला मी गेलो होतो. घरच्यांनी मला पान वाढलं, पण जवळ कोणी बसलं नाही.

आज तीस वर्षं झाली. गावात पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. दुकानावर माझं नाव आहे, पूर्ण.

पण मला सांगायचं होतं ते त्या दिवशीचं, हॉलबाहेरचं.

जबानी संपवून मी पायऱ्या उतरलो तेव्हा मैनाबाई खाली उभी होती. जवळ आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, तुम्ही जवळ होते त्यायच्या. शेवटी काय म्हणाले?"

हा प्रश्न येणार हे मला पंधरा दिवस माहीत होतं. उत्तरही करून ठेवलं होतं: तुमचं नाव घेतलं, पोरींना सांभाळा म्हणाले. सोपं होतं, आणि कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण नुकताच मी त्या हॉलमधून येत होतो. तोंड उघडलं आणि ते आलं नाही.

"तुमच्याबद्दल आधी बोलले, वहिनी. गावाबद्दल, पोरींबद्दल," मी म्हणालो. "पण शेवटी तुमचं नाव नाही घेतलं. मी झोपलो असतो तर बुडालो असतो. म्हणून ते माझं नाव घेत राहिले. श्वास संपेपर्यंत तेवढंच म्हणाले."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही रडेल किंवा मला शिव्या देईल.

"आतमधी काय नाव सांगितलं तुम्ही?"

"उकर्डा."

तिनं आधी नुसते ओठ हलवले. नवरा शेवटचं जे बोलला ते तोंडात कसं बसतं, हे ती बघत होती. मग तिनं ते आवाजात म्हटलं. थोडं थांबून पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

"उ... कर्... डा."

तिचं म्हणून होईपर्यंत मी तिच्यासमोर उभा राहिलो.